नागपुरात जुनी गाडी घेताना: आधी खुणा जुळवा, मग भावाचं बोला

जुनी गाडी बघायला गेलं की समोरचा तीन गोष्टी हमखास सांगतो. गाडी एकाच हातची आहे, फार चाललेली नाही आणि कुठे ठोकलेली नाही. तिन्ही खऱ्या असू शकतात. पण तुम्ही जे चार-पाच लाख मोजणार, ते याच तीन वाक्यांवर मोजणार. तेच मॉडेल, तेच साल, तोच रंग असलेल्या दुसऱ्या गाडीत ही वाक्यं खोटी निघाली तर तिची किंमत बरीच खाली येते. म्हणून ती नुसती ऐकून घ्यायची नाहीत, कागदावर आणि गाडीच्या अंगावर शोधायची.

हे शोधणं वाटतं तेवढं अवघड नाही. गाडीवर तारखा आणि झिजेच्या खुणा सगळीकडे पडलेल्या असतात: काचेवर, टायरवर, सीटबेल्टच्या पट्टीवर, बॅटरीवर, विम्याच्या पॉलिसीत, सर्व्हिसच्या नोंदीत. यातली एखादी खूण फसवू शकते. चार-पाच खुणा मात्र एकाच वेळी, एकाच तऱ्हेने बदलून ठेवणं कोणालाही सहसा जमत नाही. त्या एकमेकींशी जुळतात का, हे बघायचं. जिथे जुळत नाहीत तिथे थांबून विचारायचं.

कागद घरी बसून बघा

गाडी बघायला निघण्याआधी आरसीच्या (गाडीच्या नोंदणीपत्राच्या) दोन्ही बाजूंचे फोटो आणि चालू विम्याची पॉलिसी मागवून घ्या. "या तर खरं, इथे आल्यावर दाखवतो" असं उत्तर आलं तर मी जात नाही. ज्याला गाडी खरंच विकायची आहे त्याला आरसीचा फोटो पाठवायला अडचण नसते.

गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विमा आणि पीयूसीची मुदत, गाडीवर कर्ज आहे का, हे दिसतं. मालकाचं नाव तिथे अर्धवट झाकलेलं असतं, म्हणून आरसी समोर हवी. आरसीवर मालकाचा अनुक्रमांक असतो. 'फर्स्ट ओनर' म्हणणाऱ्याच्या आरसीवर २ दिसला तर बोलणं तिथूनच सुरू करा. गाडी तयार झाल्याचा महिना आणि वर्षही आरसीवर असतं, नोंदणीची तारीख वेगळी. डिसेंबरात बनलेली गाडी मार्चमध्ये नोंदली गेली तर विकणारा नोंदणीचं वर्ष सांगतो, बाजार मात्र बनावटीचं वर्ष धरतो.

इथे एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचं कडक मानक लागू झालं. त्यामुळे '२०२० ची गाडी' असं सांगितलं आणि आरसीवर बीएस-४ असेल, तर ती मार्च संपायच्या आत विकलेली आहे आणि बहुधा २०१९ मध्ये बनलेली आहे. यात खोटेपणा नाही, पण भाव २०१९ चा द्यायचा.

आरसीवरचा मालक आणि तुमच्याशी बोलणारा माणूस एकच आहे का? गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि वडील हयात नसतील, तर आधी ती वारसाच्या नावावर व्हायला हवी. त्यासाठी फॉर्म ३१ असतो. "सही आम्ही करून देऊ" यावर गाडी घेतली तर पुढे दुसरा वारस उभा राहतो आणि तुमचे पैसे अडकतात. गाडीवर कर्ज असेल तर आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असतं. हप्ते फिटले म्हणून ते नाव आपोआप जात नाही. बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ आरटीओत गेल्यावरच ते निघतं. कर्ज अजून बाकी असेल तर उरलेली रक्कम थेट कर्जखात्यात भरा, विकणाऱ्याच्या हातात देऊ नका.

ई-चलान महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर बघता येतं. गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे आकडे लागतात. वर्धा रोडवर रोज ये-जा करणाऱ्या गाडीवर वेगमर्यादेची दोन-चार चलानं निघाली तर घाबरण्यासारखं काही नाही, फक्त ती मालकाने आधी भरावीत. गाडी चोरीची तर नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेवर तपासता येतं.

विम्याची पॉलिसी नीट वाचा

लोक पॉलिसीची फक्त मुदत बघतात. खरी माहिती 'नो क्लेम बोनस' या रकान्यात असते. वर्षभरात दावा केला नाही तर पुढच्या वर्षी २० टक्के सूट मिळते, मग ओळीने २५, ३५, ४५ आणि पाच वर्षं दावा नसेल तर ५० टक्के. एकदा दावा केला की ही सूट सहसा शून्यावर येते. आता समजा, गाडी चार वर्षांची आहे, मालक म्हणतो कुठे लागलेली नाही आणि पॉलिसीत बोनस शून्य आहे. म्हणजे बहुधा मागच्या वर्षी दावा झालाय, नाहीतर पॉलिसी बराच काळ खंडित होती. दोन्हींचं उत्तर मिळायला हवं.

याची उलट बाजूही समजून घ्या. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. दोन वर्षांच्या गाडीवर ५० टक्के दिसला तर मालकाने तो आधीच्या गाडीवरून आणलाय. त्यावरून या गाडीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. आणि गाडी तुमच्या नावावर झाली की तो बोनस तुम्हाला मिळत नाही, विम्याचा पुढचा हप्ता हिशेबात धरताना हे विसरू नका.

बाहेरची नंबर प्लेट

नागपूरच्या बाजारात एमएच-३१, एमएच-४९ आणि ग्रामीणच्या एमएच-४० सोबत मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि दिल्लीच्या गाड्याही भरपूर दिसतात. सिवनी, छिंदवाडा, राजनांदगाव ही काही दूरची गावं नाहीत. अशी गाडी स्वस्त दिसते, कारण पुढचा खर्च अजून तिच्यावर चढलेला नसतो. तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी लागते. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे ठेवायची तर महाराष्ट्रात पुन्हा नोंदणी करावी लागते आणि इथला एकरकमी कर भरावा लागतो. आधी भरलेल्या कराचा परतावा जुन्या राज्याकडून मागायचा असतो आणि त्यात वेळ जातो. अकोला किंवा पुण्याची गाडी असेल तर कर पुन्हा भरावा लागत नाही.

दिल्लीच्या डिझेल गाड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो. दिल्ली-एनसीआरमध्ये हरित लवादाच्या आदेशानंतर दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली. त्यामुळे तिथल्या मोठ्या डिझेल गाड्या आठव्या-नवव्या वर्षी स्वस्तात बाहेर पडतात. त्यातल्या काही खरोखर चांगल्या असतात. पण एनओसी हातात नसताना इसार देऊ नका आणि इथला कर किती लागेल हे आरटीओत विचारल्याशिवाय भाव ठरवू नका. हा कर धरला की 'दिल्लीची स्वस्त गाडी' पुष्कळदा इथल्या गाडीच्याच भावाला येऊन बसते.

२३ सप्टेंबर २०२३

ही तारीख नागपूरकरांना सांगावी लागत नाही. त्या पहाटेच्या पावसात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाणी पडलं, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर ते सीताबर्डी या पट्ट्यात घरासमोर आणि तळघरात लावलेल्या गाड्या बुडाल्या. काही भंगारात गेल्या, काही दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर आल्या. पूर फक्त नागपुरात आला असंही नाही. चेन्नई आणि मुंबईच्या बुडालेल्या गाड्या हात बदलत इथवर येऊ शकतात.

बुडालेल्या गाडीचं दुखणं लगेच दिसत नाही. पाणी निघालं, गालिचे वाळवले, सीट धुतले की गाडी नव्यासारखी दिसते. मग वर्ष-दीड वर्षाने वायरिंगच्या जोडांना हिरवा गंज चढतो आणि आज एअरबॅगचा दिवा, उद्या पॉवर विंडो, परवा स्टिअरिंग, असं एकेक सुरू होतं. प्रत्येक वेळी मेकॅनिक एक सुटा भाग बदलतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

इतक्या काळानंतर वास शिल्लक नसतो, म्हणून वासावर विसंबू नका. ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट हळूहळू पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटच्या टोकापर्यंत. गाडी धुणारा वरची हातभर पट्टी घासतो. आत गुंडाळलेल्या भागाकडे कोणाचं लक्ष जात नाही. तिथे मातकट डाग, पाण्याच्या रेषेसारखी कडा किंवा बुरशीचे काळे ठिपके दिसले तर ही गाडी पाण्यात उभी होती. पट्टीच्या मुळाशी शिवलेल्या चिठ्ठीवर ती बनल्याची तारीख असते. २०१८ च्या गाडीत २०२३ चा बेल्ट असेल तर तो का बदलला, हे विचारायलाच हवं.

मग सीट मागे सरकवून त्याच्या रुळांवर आणि बोल्टांवर टॉर्च मारा. खालचा गालिचा कोपऱ्यातून उचलून त्याखालच्या फोमला हात लावा. डिकीतली स्टेपनी काढा आणि तिच्या खड्ड्यात गाळाची रेषा आहे का बघा. डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्सजवळ, हेडलाइटच्या आत, स्पीकरच्या जाळीत बारीक माती बसते आणि ती पूर्ण निघत नाही. शेवटी सर्व्हिसच्या नोंदी उघडा. सप्टेंबर ते डिसेंबर २०२३ मध्ये मोठं बिल आहे का? कार्पेट, इसीएम (इंजिनाचा संगणक), अल्टरनेटर, सीट हे शब्द एका बिलात आले तर दुसरा अर्थ लावायला जागा राहत नाही. अंबाझरीच्या पत्त्यावरची प्रत्येक गाडी बुडाली होती असं मात्र समजू नका. पत्त्यावरून संशय घ्यावा, निकाल गाडी बघून द्यावा.

सकाळी या आणि गाडी सुरू करू नका म्हणा

फोनवर ठरवतानाच सांगून ठेवा: "भाऊ, आम्ही आठला येतो, तोवर गाडी सुरू करू नका." इंजिन गरम असलं की बरेच आजार झाकले जातात. गेल्यागेल्या बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर काहीतरी निमित्त सांगून दुसऱ्या दिवशी परत या. यात भिडस्तपणा नको.

इंजिन थंड असताना ऑइलचं झाकण उघडा. आतल्या बाजूला दुधट, कॉफीच्या रंगाचा चिकट थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे, आणि ते रोखणाऱ्या हेड गॅस्केटचं काम स्वस्तात होत नाही. पावसाळ्यात छोट्या-छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत झाकणाला थोडा ओलावा चालतो, पण डिपस्टिकवरही तोच रंग असेल तर विषय संपला. कूलंटची टाकी बघा. हिरवा, गुलाबी किंवा निळसर स्वच्छ द्रव हवा. गंजकट तपकिरी पाणी असेल तर मालकाने उन्हाळ्यात कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतलंय. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं. त्याचा चुना रेडिएटरच्या नळ्यांत बसतो आणि मे महिन्यात गाडी उकळते. झाकण इंजिन गरम असताना कधीही उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं.

चावी फिरवा, पण स्टार्टर मारू नका. डॅशबोर्डवरचे इशारे देणारे दिवे लागले पाहिजेत: इंजिनाचा, एबीएसचा, एअरबॅगचा. सुरू झाल्यावर काही क्षणांत ते विझले पाहिजेत. न विझणारा दिवा सगळ्यांना कळतो. जो दिवा लागतच नाही तो जास्त धोक्याचा, कारण कोणीतरी तो मुद्दाम तोडलेला असू शकतो. एअरबॅगचा दिवा न लागणारी गाडी मी घेऊ देत नाही. एअरबॅग एकदा उघडून गेल्या असतील आणि आत फक्त झाकण बसवलं असेल, तर त्या गाडीत बसलेल्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

मग स्टार्टर. दुसऱ्याला मागे सायलेन्सरजवळ उभं करा. सुरुवातीची थोडी वाफ थंडीत ठीक असते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जातंय, डिझेलमध्ये इंजेक्टर किंवा टर्बोची शंका येते. पांढरा, दाट, विरून न जाणारा धूर म्हणजे कूलंट जळतंय. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करा. तिथून धूर भकाभक बाहेर आला तर आतल्या रिंगा झिजल्या आहेत.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडून दोष वाचणारं यंत्र) असलेला मेकॅनिक सोबत नेला तर उत्तम. संगणकात साठलेले दोष दिसतात. दोष कालच पुसलेले असतील तर तेही कळतं, कारण गाडीच्या अंतर्गत चाचण्या अजून अपूर्ण दिसतात.

एसीसाठी दुपारी एक फेरी वेगळी

सकाळी आठला कुठल्याही गाडीचा एसी थंडच वाटतो. नवतपात, पारा ४५ च्या वर असताना तो काय करतो ते महत्त्वाचं. शक्य असेल तर दुपारी दोनला दुसरी फेरी मारा. गाडी उन्हात उभी असावी. एसी पूर्ण लावून दहा मिनिटं जागेवर उभं राहा आणि तापमानाचा काटा बघत राहा. काही नव्या गाड्यांत काटा नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा असतो, त्यावर लक्ष ठेवा. रेडिएटरचा पंखा सुरू झालेला ऐकू आला पाहिजे. चालत्या गाडीत थंड आणि सिग्नलवर गरम हवा येत असेल तर पंखा, कंडेन्सर किंवा गॅस यापैकी काहीतरी कमी आहे. "गॅस भरला की झालं" हे उत्तर पुरेसं नाही. गॅस गेला कुठून, ते विचारा. डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल गळत असेल तर सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

आपल्या उन्हाने बॅटरी, रबरी बुश, वायपर आणि होजपाइप लवकर जातात. बॅटरीवर महिना-वर्ष कोरलेलं असतं, ते बघून पुढचा खर्च लिहून ठेवा.

ठोकलेली की फक्त घासलेली

शहरात चालणाऱ्या गाडीचा बंपर कधीतरी रंगवलेला असतोच. दरवाजाचा टचअपही मोठी गोष्ट नाही. बघायचं आहे ते गाडीच्या सांगाड्याला मार बसला का. बोनेट उघडून दोन्ही बाजूंचे एप्रन (चाकांवरचे आतले पत्रे) आणि पुढचा आडवा सपोर्ट बघा. कारखान्यातले गोल स्पॉट वेल्ड सारख्या अंतरावर असतात. हाताने केलेलं वेल्डिंग ओबडधोबड दिसतं. सांध्यांवरचं सीलंट डाव्या आणि उजव्या बाजूला सारखं हवं.

बोनेट आणि फेंडरच्या बोल्टांकडे बोट दाखवून मेकॅनिक म्हणतो, "हे बघा भाऊ, टोकावरचा रंग उडालाय. पान्हा लागल्याशिवाय हा असा उडत नाही." कारखान्यात बोल्ट बसवून मग रंग मारतात, म्हणून तो अखंड असतो. एक बोल्ट उघडलेला असेल तर फेंडर बदललाय. दोन्ही बाजूंचे सगळे उघडलेले असतील तर पुढून जोरात लागलंय.

सगळ्या काचांच्या कोपऱ्यावर कंपनीची खूण आणि सालाचा संकेत असतो. पाच काचा एका सालाच्या आणि एक वेगळी, तर ती का फुटली हे विचारा. पुढची काच दगडानेही फुटते, समृद्धी महामार्गावर ये-जा करणाऱ्यांना याचा अनुभव असेल. मागच्या दरवाजाची काच आणि त्याच बाजूचा रंग दोन्ही वेगळे असतील तर तो धक्का आहे. रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र बऱ्याच मेकॅनिककडे असतं. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. कुठे आकडा ३०० च्या पुढे गेला तर खाली पुट्टी आहे. छत आणि खांब यांवर पुट्टी सापडली तर गाडी सोडून द्या.

किलोमीटरचा आकडा

हा आकडा लॅपटॉप लावून काही मिनिटांत बदलता येतो, म्हणून त्याला एकट्याला काही किंमत नाही. गाडीच्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरावर सगळ्या भेटींची नोंद असते. मालकाला सोबत घेऊन जा आणि ती छापून घ्या. २०२२ मध्ये ६१ हजार आणि आज मीटरवर ५४ हजार, असं निघालं तर आणखी काही तपासायला नको. नोंद दोन वर्षांपासून बंद असेल तर त्यानंतर बाहेर केलेल्या कामाची बिलं मागा.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. बहुतेक गाड्यांचे मूळ टायर ४० ते ५० हजार किलोमीटर चालतात. मीटर ३० हजार सांगतंय आणि चारही टायर नवे, तर आकडा जुळत नाही. क्लचच्या पॅडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंग चकाकतंय, ड्रायव्हरच्या सीटची कड चेपलीय, आणि मीटरवर २८ हजार? नागपुरातल्या साध्या नोकरदाराची गाडी वर्षाला दहा-बारा हजार चालते, तेवढ्यात पॅडल झिजत नाही.

काही डिझेल सेडान आधी टॅक्सी म्हणून धावून नंतर खासगी, पांढऱ्या पाटीवर आलेल्या असतात. अशा गाडीत मागचं सीट पुढच्यापेक्षा जास्त झिजलेलं असतं आणि वेगनियंत्रक लावल्याच्या वायरी कधीकधी तशाच राहिलेल्या असतात. आरटीओतली जुनी नोंद काढली की हे कळतं.

चालवताना

कॉलनीभोवती दोन फेऱ्या मारून काही कळत नाही. अर्धा तास घ्या. आपल्या शहरात सिमेंटचे रस्ते खूप आहेत. त्यांच्या जोडांवरून जाताना खालून खटखट आली तर लिंक रॉड, बुश किंवा शॉकॲब्जॉर्बर गेले आहेत. पण सिमेंटवर टायरचा आवाज मुळातच मोठा येतो. त्यामुळे बेअरिंगची घरघर ओळखायची तर डांबरी रस्त्यावरही चालवा. सेमिनरी हिल्सच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज चढतोय आणि गाडी त्या मानाने पुढे जात नाही, तर क्लच घसरतोय. चढावरच हँडब्रेक ओढून बघा. रिकाम्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. टक-टक-टक आवाज म्हणजे ॲक्सलचा सांधा. रिंग रोडवर मोकळा रस्ता मिळाला की स्टिअरिंग क्षणभर सैल धरा, गाडी एका बाजूला ओढते का बघा, मग मागे कोणी नसताना जोरात ब्रेक मारा.

बीएस-६ डिझेल असेल तर एक प्रश्न जरूर विचारा: गाडी रोज किती अंतर चालते? सायलेन्सरमधला काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर साफ व्हायला लांब, सलग धाव लागते. रोज धरमपेठ ते सदर एवढंच चाललेल्या डिझेलमध्ये तो तुंबतो आणि बदलायला महाग पडतो. तुमचंही रोजचं अंतर तेवढंच असेल तर पेट्रोल घ्या. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी दाब-चाचणी झालेली हवी.

भाव

विकणारे अजूनही नव्या गाडीची जुनी ऑनरोड किंमत सांगून त्यातून वजाबाकी करतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. तुलना आजच्या शोरूम भावाशी करा. पॉलिसीतला आयडीव्ही, म्हणजे विम्याने धरलेली गाडीची किंमत, हाही एक आधार आहे. पाच वर्षांपर्यंत तो ठरलेल्या घसाऱ्याने उतरतो, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा धरतात. बाजारभाव आयडीव्हीच्या वर-खाली असतो, पण फार लांब असेल तर कारण विचारा. मग टायर, बॅटरी, विमा, आरटीओचा खर्च, मेकॅनिकने सांगितलेली कामं, असं सगळं एका कागदावर मांडून तो कागद समोरच्याला दाखवा. आकडे समोर असले की घासाघीस भांडणावर जात नाही.

गाडी पंधरा वर्षांकडे झुकलेली असेल तर पुढचा खर्चही धरा: फिटनेस, नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागलीय का, तेही बघून घ्या.

पैसे आणि नाव एकाच दिवशी

रोख दोन लाख किंवा त्याहून जास्त घेणं आयकर कायद्याने बंद आहे, म्हणून पैसे बँकेतूनच द्या. त्यातून पुरावाही आपोआप राहतो. नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर दोघांच्या सह्या त्याच दिवशी घ्या. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव चढवायला अर्ज करायचा असतो. कोरे फॉर्म सही करून एजंटकडे ठेवण्याची पद्धत आपल्याकडे फार रुळली आहे आणि ती दोघांनाही घातक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक. गाडी कितीही हात बदलली तरी अपघाताची भरपाई नोंदीतल्या मालकावर येते. म्हणून विकणाऱ्यालाही हे समजावून सांगा, तो स्वतःच घाई करेल.

डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळही लिहा. त्या मिनिटाच्या आधीचं चलान त्याचं, नंतरचं तुमचं.

डीलरकडून घेत असाल तर आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र मागा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला ते लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद फॉर्म २९सी वर होते. अधिकृत डीलरकडे फसवणूक होतच नाही असं नाही, पण निदान गाडी कोणाच्या जबाबदारीवर उभी आहे ते कागदावर असतं.

विमा चौदा दिवसांच्या आत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर तुमच्याकडे येतं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा मात्र पॉलिसी जुन्या नावावर असेल तर कंपनी नाकारू शकते. जुन्या मालकाचा फास्टॅग त्याला बंद करायला सांगा आणि तुमचा नवा लावा, नाहीतर बुटीबोरीकडे गेलात की टोल त्याच्या खात्यातून कापला जाईल.

गाडी घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात, बिलं कशीही असोत, इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून घ्या. टायमिंग बेल्टची गाडी असेल आणि तो बदलल्याचं बिल नसेल तर तोही बदला. चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. दुसरी चावी घेतली का, सेंट्रल लॉक दोन्ही चाव्यांनी चालतं का, जॅक आणि पान्हा डिकीत आहे का, तेही याच आठवड्यात बघून घ्या.